शूटिंग चालू आहे, काही हलवू नये

९ मार्च, सकाळ

आजपासून रोजनिशी. मोठ्या दिग्दर्शकांना असते. ही कोणी वाचणार नाही, तेव्हा खोटं लिहिण्याचं कारण नाही.

निर्णय झाला. पिक्चर काढायचा. क्राइम पिक्चर. स्वतंत्र. स्टुडिओ नाही, प्रोड्यूसर नाही, कोणाचं ऐकायचं नाही.

खरं तर कॉलेजात फिल्म क्लबात तो पिक्चर पाहिला तेव्हाच ठरलं होतं. एक दरोडा, तीन गोष्टी, एकमेकींत गुंफलेल्या. शेवट सुरुवातीला, सुरुवात मधेच, आणि मधलं कुठे गेलं ते दुसऱ्यांदा बघितल्यावर कळतं. तो बघून निम्म्या जगाने पिक्चर काढले. मी उरलेल्या निम्म्यात राहिलो, कारण टाइल्सच्या शोरूममध्ये नोकरी लागली. बायको तेव्हा शेजारच्या खुर्चीत होती. (तेव्हा बायको नव्हती.) बाहेर आल्यावर म्हणाली होती, सरळ क्रमाने सांगितला असता तरी मला आवडला असता. मी तिला तेव्हाच माफ केलं.

शोरूमच्या मालकांकडे दोन महिन्यांची रजा मागितली. बिनपगारी. ते लगेच हो म्हणाले. आणखी हवी असेल तर तीही घ्या म्हणाले. माणूस कलेचा भोक्ता आहे, इतक्या वर्षांत कळलं नाही.

९ मार्च, जेवणानंतर

बायकोला बँकेत बढती मिळाली. दुसऱ्या शहरात बदली, तिथल्या शाखेची मुख्य. चार मेला हजर व्हायचं. तोवर लेकीची परीक्षा होते, मग सगळ्यांनीच जायचं, एक घर बघून ठेवलंय म्हणाली. मी म्हणालो, वा. मग म्हणालो, वीस एप्रिलला पिक्चर संपतो, पुढे मी मोकळाच. टाइल्स काय, जगात कुठेही विकता येतात. ती म्हणाली, वीस एप्रिल नक्की ना, लिहून ठेव.

लिहून ठेवतोय. वीस एप्रिल. नक्की.

११ मार्च

कास्टिंग पूर्ण. एका दिवसात. लोकांना वर्ष लागतं.

टोळीचा बॉस: खालच्या सलूनचा मालक. गालावर वस्तऱ्याचा व्रण, आवाज घोगरा, नजर अशी की गिऱ्हाइक अर्ध्या दाढीवर बोलायचं थांबतं. अट एकच. दुकानात गिऱ्हाइक आलं की तो जाणार. मी मान्य केली. अशी किती गिऱ्हाइकं येतात?

लुटीची बॅग सांभाळत बसलेला म्हातारा: सासरे. बस डेपोत कंट्रोलर होते, आता रिटायर. चार दिवसांसाठी आलेत, दात दाखवायला. जावईबापू, मला फक्त गाड्या सुटल्याचं ओरडून सांगता येतं म्हणाले. मी म्हणालो, तेवढंच हवंय. नॅचरल.

खुर्चीला बांधलेला ओलीस, जो शेवटपर्यंत तोंड उघडत नाही: मी. हा रोल दुसऱ्या कोणाला झेपला नसता. (बायकोचं मत: तोंड न उघडण्याचा रोल तुला झेपेल?)

कॅमेरा एडिटरचा. एडिटर म्हणजे लग्नाचे व्हिडिओ करणारा एक जण. त्याने आमच्याकडून बाथरूमच्या टाइल्स नेल्या तेव्हाची ओळख. जुना कॅमेरा देतो, शेवटी एडिटिंग करून देतो, पण शूटिंगला येणार नाही म्हणाला. उत्तम. कॅमेरा स्टँडवर लावायचा, बटण दाबायचं, पळत जाऊन फ्रेममध्ये उभं राहायचं. ह्यात एक ऊर्जा असते.

लोकेशन आमचा हॉल. तिन्ही गोष्टी इथेच एकमेकींना भेटतात.

१४ मार्च

पहिला दिवस. ऐतिहासिक.

सुरुवात क्लायमॅक्सने केली. त्या पिक्चरमध्ये शेवट आधी येतो, म्हणून शूटही आधी. ह्यामागचा विचार बॉसला कळला नाही. तो म्हणाला, मी दाढी करताना गालापासून सुरू करतो, हनुवटी शेवटी. प्रत्येकाची मर्यादा असते.

सोफा उलथा केला. पडदा अर्धा ओढून लोंबता ठेवला. वर्तमानपत्रं जमिनीवर. बिटाचा रस आणि सॉस एकत्र करून भिंतीवर रक्त उडवलं. पलीकडच्या खिडकीची काच फुटायची नव्हती, पण फुटली, आणि काय सुंदर फुटली. दरोडा चार वाजून दहा मिनिटांनी पडतो, म्हणून भिंतीवरच्या घड्याळाचे काटे तिथे आणून सेल काढून टाकला.

टेक पहिल्याच झटक्यात ओके. सासरे बॅग हातात घेऊन म्हणाले, चला, चला, वेळ झाली. अंगावर काटा आला.

१५ मार्च

काल आनंदात एक गोष्ट विसरलो होतो. कंटिन्युइटी. एका शॉटमध्ये टेबलावर कप असेल तर पुढच्या शॉटमध्येही तो तिथेच हवा. प्रेक्षक सगळं माफ करतो, कप माफ करत नाही.

तेव्हा नियम केले. कॅमेऱ्याची जागा खडूने आखली, स्टँड तिथून इंचभर हलणार नाही. सोफा सरळ करायचा नाही. पडदा लोंबता राहील. कॅलेंडरचं पान मार्चच. घड्याळ चार दहा. सासऱ्यांनी शर्ट धुवायचा नाही, दाढी करायची नाही. दारावर कागद चिकटवला: शूटिंग चालू आहे, काही हलवू नये.

बायकोने तो वाचला. मग विचारलं, आम्ही बसायचं कुठे? मी म्हणालो, स्वयंपाकघर फ्रेमच्या बाहेर आहे. ती तिथे ओट्याला टेकून उभ्याने जेवली. तिचा पाठिंबा बघून भरून आलं.

सॉसला मुंग्या लागल्यात. कालच्या शॉटमध्ये मुंग्या नव्हत्या. विचार करतो.

२० मार्च

घोडं अडलं.

आज दरोड्याच्या आधीचा सीन घ्यायचा होता. आधी म्हणजे भिंत स्वच्छ हवी. भिंतीवर रक्त. पुसावं तर क्लायमॅक्सचा दुसरा अँगल राहिलाय. ठेवावं तर सुरुवात होत नाही. सकाळपासून भिंतीसमोर उभा होतो. शेवट करून बसलोय आणि आरंभाला वाट नाही.

दुपारी सुचलं. हे रक्त आजच्या दरोड्याचं नाहीच! जुन्या एका गुन्ह्याचं आहे. म्हणजे चौथी गोष्ट. चार गोष्टी, एकमेकींत गुंफलेल्या. त्या पिक्चरपेक्षा एक जास्त.

हे बायकोला सांगायला गेलो. ती माळ्यावरून खोके काढत होती. खोके कशाला ते विचारायचं राहिलं. म्हणाली, चौथी गोष्ट वीस एप्रिलच्या आत होईल ना? म्हटलं, होईलच.

सासऱ्यांचे चार दिवस कधीच संपले. पण आता त्यांना सोडता येत नाही.

२८ मार्च

बॉस आला तो मिशी उडवून. मेव्हण्याचं लग्न होतं म्हणे, त्याच्या बायकोने काढायला लावली. मी म्हणालो, कंटिन्युइटीचं काय? तो म्हणाला, ती कोण?

डोकं धरून बसलो. मग उपाय निघाला. मिशीवाले सीन भूतकाळ, बिनमिशीचे वर्तमान. अडचण एवढीच की ज्या सीनमध्ये तो मरतो त्यात मिशी आहे. म्हणजे तो आधी मरतो आणि नंतर जगतो. हे मुद्दाम केलंय असं दाखवायचं. मुद्दाम केलेली चूक म्हणजेच शैली.

दृश्य सुरू झालं आणि खालून कोणीतरी हाक मारली. गिऱ्हाइक. बॉस पिस्तूल माझ्या हातात देऊन गेला. आला तेव्हा उजेड बदलला होता.

सोफ्याचे पाय छताकडे करून दोन आठवडे झाले. कंबर दुखते. हॉलमध्ये जमिनीवरच झोपतो, सेट राखायला. बेडरूममध्ये गेलेलो नाही. दिग्दर्शकाने सेट सोडू नये.

३ एप्रिल

धक्कादायक. पहिल्या दिवसाची आणि परवाची एकेक फ्रेम थांबवून ताडून बघत होतो. पहिल्या दिवशी मागच्या शेल्फवर लेकीचा बुद्धिबळाचा कप आहे. परवाच्या शॉटमध्ये नाही. बारकाईने पाहिलं. इस्त्री नाही. मिक्सरचं खोकं नाही. कोपऱ्यातला टेबलफॅन नाही. पुस्तकांची एक रांग विरळ झालीय.

क्राइम पिक्चरच्या सेटवर खराखुरा क्राइम. आधी घाबरलो, मग वाटलं, हे तर वरदान आहे. संशय अर्थातच बॉसवर. येतो रिकाम्या हाताने, पण जाताना घाई असते. गिऱ्हाइक, गिऱ्हाइक म्हणतो. गिऱ्हाइक कोणी पाहिलंय?

बायकोला विश्वासात घेतलं. म्हटलं, घरातल्या वस्तू एकेक करून नाहीशा होतायत. तिने हातातलं खोकं खाली ठेवलं. म्हणाली, हो, माझ्याही लक्षात आलंय. तुझ्या आणखी काय लक्षात आलंय? मी विचार करून सांगितलं, लॅम्पची शेडही थोडी फिरलीय.

ती वळून आत गेली. घाबरली असणार. मी तिला धीर दिला.

४ एप्रिल

पाळत ठेवली. कॅमेऱ्याआडून दिवसभर बॉसकडे बघत होतो. डायलॉग विसरतो म्हणून ओरडलो नाही, संशय आला असता. त्याने काही नेलं नाही. उलट जाताना सासऱ्यांना गुपचूप एक रेझर देऊन गेला. मी तो जप्त केला.

९ एप्रिल

सासरे दाढी करू द्या म्हणतात. अंगाला खाज सुटते म्हणतात. दोन शर्ट घेऊन आलो होतो, एकावर तुम्ही रक्त लावलंत, दुसरा त्या रक्ताच्या शर्टाखाली घालायला लावलात म्हणतात. सध्या बनियनवर खिडकीत उभे असतात. खालून जाणाऱ्या बसगाड्यांची वेळ हातातल्या घड्याळात बघतात आणि उशीर झाला असेल तर मान हलवतात. आज मला म्हणाले, जावईबापू, डेपोत अडकलेल्या गाड्या मी खूप पाहिल्यात, पण प्रवासी तरी खाली उतरतात.

किती अडकलेला वाटतो हा माणूस! भूमिकेत शिरणं ह्यालाच म्हणतात. मी काही न शिकवता.

१४ एप्रिल

शोरूमच्या मालकांचा फोन. माझ्या टेबलावर त्यांचा भाचा बसवलाय म्हणाले. तात्पुरता असणार. त्यांनी तात्पुरता हा शब्द वापरला नाही, पण सुरात होता.

लेकीची परीक्षा संपली. तिने विचारलं, बाबा, नव्या घरी माझी खोली कुठली ते बघायला तू येणार का? मी म्हणालो, बाळा, बाबा आता क्लायमॅक्सच्या आधीच्या क्लायमॅक्समध्ये आहे. ती म्हणाली, म्हणजे नाही का? मुलं फार सरळ रेषेत विचार करतात. आईवर गेलीय.

२० एप्रिल

वीस एप्रिल.

पिक्चर संपला नाही ह्यात माझी काही चूक नाही. नोंद करून ठेवतो: मिशी, मुंग्या, ढगाळ हवा, गिऱ्हाइकं, आणि भिंतीवरचा सॉस वाळून काळा पडला तो. काळं रक्त वेगळ्या गोष्टीचं होऊ शकतं. पाचवी गोष्ट. सध्या लांबणीवर.

बायकोने आठवण केली नाही. तिने सरळ एवढंच विचारलं की गाडीची तिकिटं काढतेय, तीन मेची, किती काढू? नेमका तेव्हा बॉस फ्रेममध्ये होता आणि त्याला पहिल्यांदाच पूर्ण वाक्य आठवलं होतं. मी हाताने थांब म्हटलं. ती थांबली. वाक्य संपलं तेव्हा ती तिथे नव्हती.

समजूतदार आहे. बघेल तिचं ती. शिवाय बँकेत माणसंच असतात. चार मे म्हणजे अगदी चार मेच असं कुठे असतं? हजर व्हायची तारीख आठ-पंधरा दिवस पुढे जाते. जातेच.

२५ एप्रिल

आज सासऱ्यांनी कमाल केली.

बॅग उचलून दारापर्यंत नेण्याचा शॉट. बॅग आमचीच, कपाटावरची मोठी. आत रद्दी भरली होती मी. पहिल्या दिवशी ते ती कागदाच्या पुडीसारखी उचलत होते, म्हणून मी रागावलो होतो. आत लुटीचा माल आहे, वजन दिसलं पाहिजे. आज दिसलं! खाली वाकले, दोन्ही हात लावले, मानेच्या शिरा ताठ, चेहरा लाल. दोन पावलं टाकून बॅग खाली ठेवली आणि कंबर धरली. ओठातल्या ओठात म्हणाले, काय काय भरलंय पोरीने. डायलॉग स्क्रिप्टमध्ये नव्हता, पण ठेवणार. त्यातून कळतं की म्हाताऱ्याला एक मुलगी आहे आणि तीही टोळीत आहे.

टाळ्या वाजवल्या. मी एकट्यानेच. हॉलमध्ये त्या घुमल्या.

हे घुमणं एडिटरच्याही लक्षात आलं. आवाजाचे तुकडे पाठवले होते ते ऐकून फोनवर म्हणाला, घर रिकामं असलं की असा आवाज येतो, सामान कमी केलंत का? मी म्हणालो, खोली आलीय. आवाजाला खोली.

३० एप्रिल

मागच्या शेल्फवर आता आमच्या लग्नाचा फोटो आणि माझे टाइल्सचे नमुने एवढंच. चोराला टाइल्सची पारख नाही.

कंटिन्युइटीचा प्रश्न होता, पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही तेव्हा सोडवला. पिक्चर जसा पुढे जातो तशी खोली रिकामी होत जाते. माणसाच्या आतलं रितेपण. अर्थात माझा पिक्चर पुढे जात नाही, मागे-पुढे होतो, त्यामुळे वस्तू जातील आणि परत येतील. त्याचाही अर्थ निघेल. समीक्षक कशासाठी असतात?

बायको हल्ली फ्रेमच्या कडेला येऊन उभी राहते. मी बघेन म्हणून वाट बघितल्यासारखी. मी बघत नाही. कॅमेऱ्यासमोर दिग्दर्शकाने विचलित व्हायचं नसतं.

एक रुखरुख आहे. घरात पाच मिनिटं टेकायला जागा नाही. स्वतःच्या सोफ्यावर बसता येत नाही, स्वतःच्या भिंतीला हात लावता येत नाही, पडद्यातून ऊन थेट डोळ्यावर येतं आणि तो सरळ करता येत नाही. कधीकधी वाटतं की दार उघडून खाली जावं आणि बॉसकडून नुसती चंपी करून घ्यावी. पण ह्या केसांनी मी ओलीस आहे. सीन होईपर्यंत हात लावायचा नाही.

३ मे, संध्याकाळ

घडलं तसं लिहितो. हात अजून बधिर आहेत.

ओलिसाचा सीन, पिक्चरचा प्राण. दुपारी बॉसने मला खुर्चीला बांधलं. कपडे वाळत घालायची दोरी. त्याच्या गाठी पक्क्या असतात, सलूनमध्ये टॉवेल बांधायची सवय. तोंडावर चिकटपट्टी. कॅमेरा चालू केला. सीन असा: ओलिसाला एकेक जण येऊन विचारतो, सांगतोस का, येतोस का, आणि तो प्रत्येक वेळी मान हलवून नाही म्हणतो. बॉसने एकदा विचारलं. मी नाही म्हणालो. खालून हाक आली. गिऱ्हाइक. बॉस गेला.

कॅमेरा चालूच. मी भूमिका सोडली नाही.

मग आतून बायको आली. बाहेर जायचे कपडे, खांद्याला पर्स. मागे लेक. तिच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी, आकार त्या कपासारखाच. आणि त्यांच्या मागे सासरे, दाढी गुळगुळीत केलेले! नवा शर्ट! मी आतल्या आत पेटलो. महिना-दीड महिना राखलेली दाढी! माझं सगळं लक्ष त्या दाढीकडे. तोंडाला पट्टी, ओरडता येईना.

बायको माझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, सोडू का तुला? मी मान हलवली. टेक चालू होता. ती म्हणाली, गाडी सहाची आहे, चार तिकिटं काढलीत. येतोस का?

मी मान हलवली. सीनमध्ये तसंच होतं. खरं सांगायचं तर इतक्या दिवसांत कोणी इतकं छान विचारलं नव्हतं. वाटलं, ही सुद्धा भूमिकेत शिरली. पुन्हा एकदा, नीट, कॅमेऱ्याला दिसेल अशी मान हलवली. नाही.

तिने थोडा वेळ वाट बघितली. मग शेल्फवरचा लग्नाचा फोटो उचलला, बघितला, आणि होता तिथे परत ठेवला. नियम पाळून, अगदी त्याच जागी. लेकीने माझ्या कपाळावर ओठ टेकले. सासऱ्यांनी बॅग उचलली, दोन्ही हातांनी, आणि दारात वळून त्यांच्या त्या डेपोतल्या आवाजात म्हणाले, चला, चला, वेळ झाली. दार लागलं.

मी घड्याळाकडे बघितलं. चार दहा. जीव भांड्यात पडला. गाडी सहाची. स्टेशन जवळ. म्हणजे भरपूर वेळ आहे, बॉस येईल, सोडेल, टॅक्सीने पोचतो, चौथं तिकीट आहेच. शांतपणे भूमिका चालू ठेवली. बऱ्याच वेळाने पुन्हा घड्याळाकडे बघितलं.

चार दहा.

तेव्हा कळलं.

हाका मारल्या. पट्टीतून हाक जात नाही. खुर्चीसकट सरकायला गेलो तर उलथा सोफा आडवा. ऊन भिंतीवरून सरकत सरकत सॉसच्या डागापर्यंत आलं आणि विझलं. मग बॉस आला. म्हणाला, गिऱ्हाइकाला केस काळे करायचे होते, रंग लावला की बसून राहावं लागतं, धुता येत नाही लगेच. गाठी सोडताना म्हणाला, वहिनी खाली भेटल्या, म्हणाल्या, तो वर आहे, त्याला सोडवा.

बेडरूममध्ये गेलो. पलंग आहे. पलंगावर माझी उशी आहे. बाकी काही नाही.

चोर बॉस नव्हता, एवढं सिद्ध झालं.

४ मे

फोन केला नाही. ती आज नव्या शाखेत हजर होणार, गडबडीत असेल. शिवाय तिने करायला हवा. सोडून कोण गेलं?

पिक्चर पूर्ण करायला आता कसलाच अडथळा नाही. शांतता, जागा, सगळं आहे. कास्ट तेवढी नाही.

७ मे

एडिटरकडे गेलो. कॅमेऱ्यातलं कार्ड परवाच पोचवलं होतं. कुठला सीन कुठे गुंफायचा तो कागद द्यायचा होता, पण तो माझ्याकडेही नव्हता. त्यामुळे त्याने सगळे तुकडे तारखेप्रमाणे ओळीने लावून ठेवलेले. लग्नाचे व्हिडिओ करणारा माणूस. म्हटलं, लाव, बघू.

पहिल्या तुकड्यात मी ओरडतोय, बॉस मिशीत आहे. मागे शेल्फ भरलेलं. फ्रेमच्या कडेला बायको चहाचे कप घेऊन उभी. हसतेय. माझ्याकडे बघून हसतेय. ती त्या दिवशी हसत होती हे मला माहीतच नव्हतं.

पुढे. मी बॉसला पिस्तूल कसं धरायचं ते दाखवतोय. मागे ती लेकीचा कप उचलते आणि माझ्या दिशेने उंच धरते. नेऊ का, असं. थांबते. मी पिस्तूल दाखवतोय. ती कप कागदात गुंडाळते. पुढे. इस्त्री. धरते, थांबते, नेते. पुढे. टेबलफॅन. प्रत्येक वेळी थांबते, त्याच जागी, तेवढाच वेळ. मला वाटतं खडूने आखल्यासारखी तीच एक जागा तिने धरली होती. प्रत्येक तुकड्यात माझी शेल्फकडे पाठ. पुढे ती मोबाइल हातात घेऊन येते, काहीतरी विचारते, माझा हात वर होतो: थांब. ती थांबते. मग जाते. त्यानंतरच्या तुकड्यांत ती वस्तू उंच धरत नाही. नुसती नेते.

कॅमेरा हलला नाही, त्यामुळे सगळं एकसंध दिसतं. कुठे जोड नाही. एकही कप चुकीच्या जागी नाही. आयुष्यात इतकी निर्दोष कंटिन्युइटी मी पाहिलेली नाही.

एडिटर म्हणाला, तुमचं दरोड्याचं मला काही समजलं नाही, पण ह्या ताईंची गोष्ट एकदम कळते. सुरुवात आहे, मधलं आहे, शेवट आहे. कोण आहेत ह्या, काम फार छान करतात. पुढे उभी असलेली माणसं मधे मधे येतात, ती काढता आली तर बघतो म्हणाला. मी म्हणालो, ती माझी बायको. त्याने माउसवरचा हात काढून घेतला.

शेवटच्या तुकड्यात मी मान हलवतो. नाही. मग पुन्हा, नीट, कॅमेऱ्याला दिसेल अशी. त्यानंतर दार लागतं आणि मी खुर्चीत. एडिटरने ते फास्ट पुढे नेलं. फास्टमध्येही काही हलत नव्हतं, भिंतीवरचं ऊन तेवढं.

फार वाईट वाटलं. दुसरा शब्द शोधला, सापडला नाही.

८ मे, सकाळ

सोफा सरळ केला. पडदा वर लावला. भिंत ओल्या फडक्याने पुसली, डाग गेला नाही, फिकट झाला. कॅलेंडरची दोन पानं उलटली. घड्याळात सेल घातला. चालू झालं.

मग फोन केला. सासऱ्यांनी उचलला. ते अजून तिकडेच आहेत, चार दिवसांसाठी. म्हणालो, तिकडे यायला गाड्या कधी कधी असतात? त्यांनी सकाळपासूनच्या सगळ्या पाठ म्हणून दाखवल्या, थांब्यांसकट, आणि कोणती उशिरा धावते तेही सांगितलं. पुढचीच गाडी पकडतो म्हणालो. ते जरा घुटमळले. म्हणाले, थांबा जावईबापू, तिला विचारतो.

फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला. लांबून तिचं बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. लेक मधे काहीतरी म्हणाली. मग पुन्हा तीच. मग सासरे आले. घसा खाकरून, निरोप जसाच्या तसा सांगायचा तसा सांगितला. शूटिंग चालू आहे म्हणते. सध्या तिथलं काही हलवू नये.

बरं म्हणालो. घड्याळातला सेल काढू का, हे विचारायचं राहून गेलं.